विलंबितातली वेलांटी

बाबांच्या कॅसेटी १२६. त्यांतल्या ९० साठ मिनिटांच्या, ३६ नव्वद मिनिटांच्या. प्रत्येकीच्या पाठीवर काळ्या शाईत राग, गायक, ताल, तबल्याला कोण, पेटीला कोण आणि तारीख. बाबा नाशिकरोडला प्रेसमध्ये होते. जिथे देशाची टपाल तिकिटं आणि मुद्रांक छापले जातात त्या कारखान्यात हयात गेल्यामुळे असेल, पण अक्षर केसभरही कललेलं त्यांना खपत नाही. शनिवारी रात्री आकाशवाणीवर लागणारा संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम, मित्रांच्या दिवाणखान्यातल्या बैठकी, कुणाकुणाकडून उतरवून घेतलेल्या जुन्या तबकड्या, सगळं त्या खोक्यांत आहे. जोडीला लाल कापडी पुठ्ठ्याची एक वही, कॅसेटींच्या क्रमांकानुसार.

बाबा आता ८१ वर्षांचे आहेत. डेक बंद पडून दहाएक वर्षं झाली होती आणि एवढ्या काळात खोक्यांवरची धूळ पुसण्यापलीकडे कुणी काही केलं नव्हतं. गेल्या दिवाळीत मी तो डेक नाशकात शालीमारजवळच्या एका कारागिराकडे नेला. उघडला तर आतल्या रबरी पट्ट्याचं अक्षरशः डांबर झालं होतं. त्यानं पट्टा बदलला, हेड स्पिरिटनं पुसलं आणि हेडजवळचा एक बारीक स्क्रू पाव फेरा फिरवला. तेवढ्यानं इतकी वर्षं घोंगडीखालून आल्यासारखा वाटणारा तानपुरा एकदम समोर येऊन बसला. फीत हेडपुढून अगदी काटकोनात गेली नाही, तर सगळ्यात आधी वरचे सूक्ष्म स्वर मरतात. हे मला त्या दिवशी कळलं आणि पुढच्या सगळ्या शोधात त्याच तानपुऱ्यानं मला वाट दाखवली.

बँकेतून आल्यावर रोज दोन बाजू लावायच्या आणि संगणकात उतरवायच्या, असं होळीपर्यंत चाललं. १४४ तासांचं गाणं जमा झालं. मग प्रश्न आला, की बाबा हे ऐकणार कशावर? संगणकापुढे ते बसणार नाहीत. फोनवर ऐकताना मध्येच फोन वाजतो आणि बडा ख्याल तुटतो. माझ्या फोनला तर हेडफोनचं भोकच नाही. मला वाटलं, एक चांगला, खिशात मावणारा, फक्त गाणं वाजवणारा प्लेअर घ्यावा. मुदत ठेवीचे ५०,००० रुपये नुकतेच हाती आले होते. एवढ्यात जगातलं सर्वोत्तम मिळेल अशी माझी समजूत होती.

एम. जी. रोडवर मी चार दुकानं फिरले. मोबाइलची दुकानं एकाला एक लागून, पण ‘म्युझिक प्लेअर’ म्हटल्यावर समोरचा माणूस एकतर ब्लूटूथचा स्पीकर पुढे करी, नाहीतर कारवां. कारवां माझ्या मावशीकडे आहे. २०१७ साली ते निघालं तेव्हा तिनं लगेच घेतलं होतं, आत ५,००० गाणी भरलेली. वयस्कर माणसाला बटण फिरवून गाणं लावता येणं ही साधी गोष्ट नाही आणि ते यंत्र ती नीट करतं. पण आम्हाला आमच्या १२६ कॅसेटी ऐकायच्या होत्या. चौथ्या दुकानातल्या काकांनी मला स्टूल दिलं, पाणी दिलं आणि सांगितलं, “ताई, आयपॉड होता तोवर आम्ही ठेवायचो. आता तुम्हाला पाहिजे ती वस्तू नाशकात कुणी कानाला लावून दाखवणार नाही. मुंबईला जा, नाहीतर ऑनलाइन मागवा.” आयपॉड २००१ साली आला आणि २०२२ साली बंद झाला. मधली वीस वर्षं अशी वस्तू एम. जी. रोडवर काचेच्या कपाटात असायची आणि मी तिच्यापुढून अनेकदा नुसतीच चालत गेले होते.

रात्री पुण्याच्या भाच्याला फोन केला. तो आयटीत आहे आणि हेडफोनचा त्याला नाद आहे. त्यानं पंधरा मिनिटांत जेवढे शब्द वापरले तेवढे मी कागदावर लिहून घेतले. डॅक, ॲम्प, फ्लॅक, डीएसडी, बॅलन्स्ड, ४.४, इम्पीडन्स, गॅपलेस. मग कंपन्या: सोनी, ॲस्टेल अँड कर्न, फिओ, आयबासो, शॅनलिंग, हायबाय. किमती काही हजारांपासून सुरू होऊन काही लाखांपर्यंत. सोनीच्या एका वॉकमनचं अंग तर तांब्याचं आणि त्यावर सोन्याचा मुलामा. बँकेत रोज आकडे हाताळणारी मी, पण त्या रात्री कागदाकडे बघून मला खरोखर काही सुधरेना. कुठला आकडा मोठा असलेला चांगला आणि कुठला लहान असलेला, हेसुद्धा कळत नव्हतं.

म्हणून मी एकेक शब्द घेऊन बसले. आधी डॅक, कारण तो सगळ्याच जाहिरातींत पहिला होता. संगणकात गाणं म्हणजे आकड्यांची रांग. सीडीच्या दर्जाला दर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाच्या लाटेची उंची मोजलेली असते आणि ती उंची ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर टिपलेली असते. यालाच १६ बिट म्हणतात. हे आकडे वाचून पुन्हा विजेची सलग लाट करणारी चिप म्हणजे डॅक, आणि त्या लाटेला हेडफोन हलवण्याइतकं बळ देणारा भाग म्हणजे ॲम्प. फोनमध्येही हे दोन्ही असतात. महागड्या प्लेअरमध्ये त्यांना जास्त जागा, स्वच्छ वीज आणि जास्त ताकद मिळते. ‘बॅलन्स्ड’ म्हणजे डाव्या-उजव्या कानाला स्वतंत्र दोन-दोन तारा. त्यासाठी ३.५ मिलिमीटरच्या नेहमीच्या भोकाशेजारी ४.४ मिलिमीटरचं जाडसर भोक असतं.

मग २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झ. सगळ्या महाग यंत्रांची मिरवणूक या आकड्यांभोवती आणि इथे मी सर्वांत जास्त अडले. बाबांच्या कॅसेटी एवढ्या वरच्या दर्जात उतरवायला हव्या होत्या का? हिवाळाभराचं काम वाया गेलं का? दोन रात्री मला झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. दर सेकंदाला ४४,१०० मोजण्या केल्या, तर २२,०५० हर्ट्झपर्यंतची कंपनं पकडता येतात. माणसाचा कान फार तर २०,००० पर्यंत ऐकतो आणि वय वाढतं तशी ती हद्द खाली येते. १६ बिटांत सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचं अंतर मावतं. साध्या कॅसेटला त्याहून बरंच कमी जमतं, कारण तिच्या तळाशी फितीची सरसर असते आणि त्या सरसरीखाली गेलेलं काहीही पुन्हा वर येत नाही. म्हणजे माझं भांडं आतल्या पाण्यापेक्षा आधीच मोठं होतं. आजच्या नव्या ध्वनिमुद्रणात गाणं मिसळताना २४ बिटांचा उपयोग आहे, स्टुडिओतल्या माणसाला तो हवाच. आमच्या फितींना त्यानं काही मिळणार नव्हतं.

या गणितात मला सगळ्यात जास्त आधार दिला तो कॅसेट क्रमांक ११नं. तिच्यावर डी. व्ही. पलुस्कर आहेत, तबकड्यांवरून उतरवलेले. एकेक चीज तीन-साडेतीन मिनिटांची, कारण ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तेवढंच मावे. आमच्या घरात ते नाव नाशिकचं म्हणूनच घेतलं जातं. त्यांच्या वडिलांनी, विष्णु दिगंबरांनी, १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि अखेरची वर्षं ते नाशकात, आपल्या रामनाम आधार आश्रमात राहिले. १९३१ साली ते गेले तेव्हा त्यांचा हा मुलगा दहा वर्षांचा होता. पुढे विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास या वडिलांच्याच शिष्यांकडे तो शिकला, १९५२च्या ‘बैजू बावरा’त अमीर खाँसाहेबांबरोबर गायला आणि १९५५ साली चौतिशीत गेला. त्या तीन मिनिटांत आलापाला जागा नाही, तरी राग पुरा उभा राहतो. तबकडीवर वरची कंपनं फारशी उतरलेलीच नाहीत, खरखर आहे, आणि त्यातून तो निर्मळ आवाज येतो. त्याला १९२ किलोहर्ट्झ काय करणार? ही कॅसेट ऐकून मी त्या रकान्यावर काट मारली आणि मला झोप लागली.

जागेचा हिशेब सोपा निघाला. सीडीच्या दर्जाचं तासभर गाणं सुमारे ६३५ एमबी, म्हणजे १४४ तास ९० जीबीच्या थोडं वर. फ्लॅकमध्ये काहीही न गमावता ते साधारण निम्म्यावर येतं. आमचं तेवढं आलं नाही, कारण खरखरीची घडी घालता येत नाही, तिच्यात पुन्हा येणारं असं काही नसतंच. तरी १२८ जीबीच्या एका कार्डात सगळं मावलं. नखाएवढं ते कार्ड बाबांनी तळहातावर घेतलं आणि बराच वेळ खोक्यांकडे पाहत होते.

आता वहीतली माहिती. प्लेअर विचारतो कलाकार, अल्बम, गाणं, प्रकार. ख्यालाची माहिती यात कशी बसवायची? बाबांबरोबर बसून आम्ही एक रीत ठरवली. अल्बमच्या जागी कॅसेटचा वहीतला क्रमांक. प्रकाराच्या जागी राग. संगीतकाराच्या जागी साथीदार. गाण्याच्या नावात लय आणि ताल, ‘विलंबित एकताल’, ‘द्रुत त्रिताल’. यामुळे ‘प्रकार’ उघडला, की बागेश्री, भीमपलास, भूप, मालकंस अशी रागांची यादी समोर येते आणि मालकंसावर बोट ठेवलं, की २२ कॅसेटींत विखुरलेले मालकंस एका ठिकाणी गोळा होतात. वहीत हे कधीच जमलं नव्हतं. बाबा त्या दिवशी फार खुश होते.

एप्रिलमध्ये मी ऑनलाइन एक प्लेअर मागवला. लहानसा, सुबक, स्वतःच्या छोट्या प्रणालीवर चालणारा, तज्ज्ञांनी आवाजाची तारीफ केलेला. कार्ड घातलं, बाबांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, पडदा वाचला आणि मला विचारलं, “वलिंबति म्हणजे काय?”

मी पाहिलं. विलंबितातल्या दोन्ही वेलांट्या एकेक घर पुढे सरकल्या होत्या. ‘श्री’ फुटून पाय मोडलेला श, सुटा र आणि लोंबणारी वेलांटी असे तीन तुकडे झाले होते. द्रुत, त्रिताल, कल्याण, एकही जोडाक्षर धड नव्हतं. माझंच काही चुकलं असेल म्हणून मी दोन दिवस फायली पुन्हा पुन्हा तपासल्या. चूक फायलींत नव्हती. आपण ‘वि’ लिहिताना वेलांटी व्यंजनाच्या आधी काढतो, पण संगणक ती उच्चाराच्या क्रमानं साठवतो, आधी व आणि त्यानंतर इकार. पडद्यावर दाखवताना तो इकार उचलून मागे न्यायचा आणि जोडाक्षरं गुंफायची हे काम एक वेगळी आज्ञावली करते. अँड्रॉइड फोनमध्ये ती असते, म्हणून तिथे मराठी नीट दिसतं. या प्लेअरमध्ये ती नव्हती. त्याला देवनागरीची अक्षरं माहीत होती, लिहायचं कसं ते माहीत नव्हतं.

बाबा म्हणाले, “आवाज चांगला आहे गं. पण हे परत कर. मला यात काही सापडायचं नाही.”

इंग्रजीत नावं टाकून पाहू असं मी सुचवलं नाही. चाळीस वर्षं ज्या माणसानं ‘मिश्र’मधला श नीट काढण्यासाठी निब बदलली, त्याच्यापुढे मी रोमन अक्षरांत ‘बागेश्री’ ठेवणार नव्हते. वीस-तीस हजारांची वस्तू घेणाऱ्या मराठी, हिंदी, नेपाळी माणसाला आपल्या रागाचं नाव आपल्या लिपीत दिसावं ही अपेक्षा मोठी नाही. आवाजाच्या सूक्ष्म फरकांवर पानंच्या पानं लिहिली जातात, पण हा मुद्दा मला कुठल्याच परीक्षणात भेटला नव्हता. माझ्या कागदावर मी तो पहिल्या ओळीत लिहिला. त्याखाली गॅपलेस. आलापाचा शेवट आणि विलंबिताची सम यांच्यामध्ये मी फायल तोडली होती आणि त्या छोट्या यंत्रात त्या जागी क्षणभर शांतता पडायची. तानपुरा तुटायचा. तेवढा तुटलेला तानपुरा मला फितीच्या तासभर खरखरीहून जास्त टोचला.

मे महिन्यात एका शनिवारी सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून मुंबईला गेले. भाचा दादरला भेटला. दुकानात बसून ऐकायची सोय होती आणि तिथला मुलगा समजूतदार होता. त्यानं आधी त्याची नेहमीची इंग्रजी गाणी लावली. त्यात सगळंच चकचकीत ऐकू येत होतं, मला फरक करता येईना. मी माझं कार्ड काढून दिलं.

समोर तीन यंत्रं होती. एक कोरियाचं ॲस्टेल अँड कर्न, धातूचं कोरीव अंग असलेलं. दुसरा सोनीचा झेडएक्स७०७ वॉकमन, सत्तर हजारांच्या घरातला. पहिला वॉकमन १९७९ साली कॅसेटीसाठीच निघाला होता, म्हणून त्याच्याकडे माझा ओढा होता हे मी कबूल करते. तिसरा फिओचा एम११एस. तिन्हींत अक्षरं स्वच्छ उमटली. विलंबित विलंबितच होतं.

एकच हेडफोन तिन्हींना लावून मी किशोरीताई आमोणकरांचा भूप ऐकला. पहिलं यंत्र मला फार सरस वाटलं आणि मी तसं म्हणालेही. भाचा म्हणाला, “मावशी, थांब. त्याचा आवाज जरा मोठा आहे. आधी तिन्ही सारखे करू, मग डोळे मिटून ऐक.” दुकानातल्या मुलानं एक छोटा मापक आणून तिन्हींची पातळी जुळवली. मग कुठलं यंत्र लागतंय ते न सांगता दोघं अदलाबदल करत राहिले. मी बारा वेळा ऐकलं आणि मला खात्रीनं काहीही सांगता आलं नाही. कधी वाटायचं दुसऱ्यात स्वराभोवती हवा जास्त आहे, पुढच्या खेपेला ते तिसऱ्यात वाटायचं. आवाज किंचित मोठा असला, की कान त्यालाच चांगला म्हणतात. हे मी स्वतः अनुभवलं नसतं तर मला पटलं नसतं.

मग त्या मुलानं यंत्र तेच ठेवून हेडफोन बदलला. आणि इथे मला डोळे मिटावे लागले नाहीत. पहिल्यात तानपुरा म्हणजे मागे चाललेली एक गुणगुण होती. दुसऱ्यात, कानावर अलगद बसणाऱ्या, मागून जाळीदार असलेल्या हेडफोनमध्ये, चारही तारा सुट्या झाल्या. मिरजेचे कारागीर घोडीवर जवारी लावतात, तारेखाली सुताचा दोरा सरकवून ती उघडतात, आणि त्या एका तारेतून स्वरांचा जो फुलोरा बाहेर पडतो तो ऐकू आला. खर्जाच्या तारेतला गंधार मी पहिल्यांदाच हेडफोनमध्ये ऐकला. माझ्या कागदावर हेडफोनला एक ओळसुद्धा नव्हती.

इम्पीडन्सचा शब्द तिथेच कळला. काही हेडफोन ३०० ओहमचे असतात, त्यांना हलवायला प्लेअरला चांगला जोर लागतो. मला आवडलेला ३२ ओहमचा होता, त्याला कुठलंही यंत्र पुरे. कानाच्या आत घालायचे लहान प्रकारही होते आणि त्यांचा आवाज सुरेख होता, पण बाबांना कानात काही खुपसलेलं सहन होत नाही.

मी फिओ आणि तो हेडफोन घेतला. दोन्ही मिळून ६८,००० रुपये, म्हणजे ठरवल्यापेक्षा १८,००० जास्त. भाच्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, की हजार-दीड हजाराचा डॅक फोनला जोडून हाच हेडफोन लावला असता, तर आवाज जवळपास इथवर आला असता. मी त्यावर विचार केला. पण बाबांना फोन नको होता आणि मलाही त्यांच्या हातात फक्त गाण्याचीच वस्तू द्यायची होती. परतीच्या पंचवटीत कसारा घाट चढताना मी तो एकदा लावला, पण गाडीच्या आवाजात त्या जाळीदार हेडफोनचा काही उपयोग नव्हता. पिशवीत ठेवून दिला.

बाबांना तो वापरायला चार दिवस लागले. मोठा पडदा, मोठी अक्षरं. आता ते संध्याकाळी गॅलरीत बसतात आणि रागांच्या यादीवरून बोट फिरवतात. हेडफोन उघडा असल्यामुळे शेजारी बसलं, की त्यातून झिरपणारं गाणं मलाही पुसटसं ऐकू येतं.

कॅसेट क्रमांक ८७ सराफ बाजारातल्या मित्राकडे गेलेली असताना २००८चा गोदावरीचा पूर आला होता. ती परत आली तेव्हा पाठीवरची शाई धुऊन गेली होती आणि वहीत त्या क्रमांकापुढे फक्त मित्राचं नाव होतं. उतरवताना मी पेटीवर स्वर लावून पाहिले. कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम नाही. बाबांना न विचारताच मी ‘पूरिया’ लिहून टाकलं होतं.

परवा त्यांनी ती लावली. दोनेक मिनिटांत हेडफोन एका कानावरून सरकवून मला हाक मारली.

“हा पूरिया कुणी लिहिला?”

“मी, बाबा. स्वर तेच आहेत ना?”

“स्वर तेच. पण पूरिया खाली राहतो, मंद्रात. हा बघ, वरच्या षड्जापासून हलायला तयार नाही. सोहनी आहे ही.”

मी प्लेअरमधून कार्ड काढलं आणि संगणक सुरू केला. ते दारात उभे राहिले, मी नाव बदलेपर्यंत. ‘सोहनी’ नीट उमटलेलं पाहिलं आणि म्हणाले, “गायकाची जागा सध्या रिकामी ठेव. अजून दोन-तीनदा ऐकतो, मग सांगतो.”